धडा नववा

मिठागराच्या बांधाला लागून, कत्तलखान्याच्या मागे
वडिलांची शाळा होती. नंबर अकरा.
ठाण्याच्या नगरपालिकेच्या कागदांत
तिच्या नावापुढे कंसात जे लिहिलेलं असायचं
ते मी इथे लिहीत नाही.

कौलं सरकारी, भिंती वस्तीच्या.
बायकांनी रविवारी माती तुडवली,
वखारीतल्या हमालांनी वासे वाहून आणले,
आणि घंटा म्हणून टांगला रेल्वेरुळाचा हातभर तुकडा;
तो कुणी आणला, हे अजून कुणी सांगत नाही.

पुस्तकं यायची शाळा नंबर एकमधून,
तिथली मुलं वरच्या यत्तेत गेली की
पोत्यात बांधून, हातगाडीवर.
पहिल्या पानावर कुणा प्रधानाचं, कुणा वैद्याचं नाव,
राजांना शाईच्या मिशा,
आणि तिसरीच्या वाचनमालेच्या चार प्रती,
चारींची शिवण सुटलेली एकाच जागी.

नवव्या धड्यात एक वाटसरू आहे.
उन्हातून चालत विहिरीपाशी येतो,
काठावर बसतो, आणि
पान संपतं. पुढचं पान नाही.

लखू भिवा गमरे मास्तर, पगार अठरा रुपये,
सदऱ्याला तीन जागी रफू, टोपीला मात्र इस्त्री,
चष्मा पुसत म्हणायचे,
"पुढचं मला पाठ आहे. लिहून घ्या."

चौऱ्याण्णव साली कोपरीच्या एका हॉलमध्ये
जुने विद्यार्थी जमले, चौदा जण,
आणि जेवणं राहिली बाजूला.
अडतीस सालचा वाटसरू पोहरा स्वतःच सोडतो,
पोटभर पितो, दोर नीट गुंडाळून ठेवतो.
"छट! आधी बैलाला पाजतो," एक्केचाळीसवाले म्हणाले.
कौसल्या येलवे, वर्गातली एकटी मुलगी,
हात वर करून म्हणाली,
आमच्या वर्षी वाटसरू बाई होती.
माझे वडील अठ्ठेचाळीसचे. त्यांची विहीर कोरडीच निघते.
तो आत उतरतो, खणू लागतो, आणि घंटा होते.

म्हातारे हसता हसता गप्प झाले.
मास्तर दर वर्षी नवं लिहीत होते,
आणि हे कळायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

एकोणपन्नासला नंबर अकरा नंबर एकात मिळवली.
पेढे वाटले. आनंदच होता तो, खोटं कशाला बोलू.
मुलं नव्या बाकांवर बसली, रूळ भंगारात गेला,
गमरे मास्तरांची सनद कमी दर्जाची ठरली
आणि त्यांना घंटेवर नेमलं.

चौथीत बाईंनी विचारलं, नववा धडा कोण सांगेल?
वडील उठले, विहीर खणू लागले.
"हे पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "खाली बस."
वर्ग हसला.
बाहेर व्हरांड्यात मास्तर उभे होते, घंटेचा दोर हातात.
त्या दिवशी मधली सुट्टी
दोन मिनिटं आधी झाली.

बांधाजवळ आता पालिकेचं पंपघर आहे.
एकवीस वर्षं मी तिथे पाणी सोडलं, अर्ध्या शहराला,
आणि शाळेचा पाया कुठे असेल
याचा अंदाज पावलांनी घेत राहिलो.

गेल्या दिवाळीत जांभळी नाक्याच्या रद्दीवाल्याकडे
तीच वाचनमाला सापडली, शिवण शाबूत.
धडा पुरा होता. पुढच्या पानावर जेमतेम आठ ओळी,
खाली स्वाध्याय. पहिला प्रश्न:
तहानलेल्या वाटसरूला पाणी कोणी पाजले?

मी पुस्तक मिटलं. वीस रुपये दिले.

चौदांपैकी आता एकट्या कौसल्याबाई आहेत, कळव्याला.
फोनवर ओरडूनच बोलावं लागतं.
"मिळालं का रे ते पान?"
"मिळालं. पण ओलीनं चिकटलंय. सुटत नाही."
"राहू दे मग," त्या म्हणाल्या,
आणि त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगू लागल्या,
जे चौऱ्याण्णव साली
त्यांनी सांगितलं नव्हतं.